पन्नास पैशांची रेघ

दसऱ्याच्या सुमाराला मराठवाड्यातल्या एखाद्या पारावर बसलं, की एक प्रश्न हमखास कानावर पडतो : "आपल्या गावाची आणेवारी किती लागली?" पाऊस किती झाला किंवा शेंगांत दाणे किती भरले, हे कुणी कुणाला विचारत नाही. विचारणाऱ्यानं शेत रोज पाहिलेलं असतं, त्याला ते ठाऊक असतं. पिकाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण ते खरोखरच झालं की नाही, हे तहसील कचेरीतून कळायचं असतं. पूर्ण पिकाचे शंभर पैसे धरून लावलेला आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर गावात दुष्काळ पडला. बावन्न आला तर पडला नाही.

आत आलेल्या गावाला जमीन महसुलात सूट मिळते, सहकारी कर्जाचं पुनर्गठन होतं, शेतीकर्जाची वसुली थांबते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते, मुलांची परीक्षा फी माफ होते, रोजगार हमीचे निकष थोडे सैल होतात, गरजेप्रमाणे टँकर येतो आणि पंपाची जोडणी तोडली जात नाही. एकेकटी पाहिली तर यातली कुठलीच सवलत फार मोठी नाही. सोसायटीच्या हप्त्याला टेकलेल्या घरासाठी मात्र तेवढ्यावर वर्ष निघतं. आणि ओढ्यापलीकडच्या गावातल्या मुलीची फी माफ झाली, आपल्या मुलीची नाही, याचं कारण दोन पैसे आहे, हे कुठल्या बापाला कसं समजावून सांगायचं?

आकड्यांनी माणसाला छळलं, असं आपण सहज म्हणून जातो. आणेवारीचा मागोवा घेताना मला वेगळंच दिसत गेलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षं या आकड्यावर जी भांडणं झाली, त्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : ज्यानं घ्यायचं किंवा द्यायचं, त्याच्याच हातात माप राहिलं.

इंग्रज येण्याआधी मोजणी नव्हती असं नाही. मलिक अंबरानं केली, शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंनी केली. अव्वल, दूम, सीम अशी जमिनीची प्रतवारी होती, पाहणी होती, पीक बुडालं तर सूट होती. त्या व्यवस्थेचं गुणगान करायचं कारण नाही, कुणब्याच्या अंगावर तेव्हाही वसुली येतच असे. पण सरकारचा वाटा ठरताना पाटील आणि कमाविसदार यांच्यात घासाघीस व्हायची, आणि आकडा त्या घासाघिशीतून निघायचा. समोर माणूस असायचा.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारला हे मान्य होईना. १८२०च्या दशकात प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं दख्खनच्या जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी हाती घेतली. इंग्लंडातल्या अर्थशास्त्र्यांचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का होता. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ नफ्याच्या ५५ टक्के सरकारनं घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात एवढ्या शेतांचं उत्पन्न आणि खर्च काढणं त्याच्या हाताखालच्या माणसांना झेपलं नाही, खोटे आकडे भरले गेले, आणि इंदापूरसारख्या कोरड्या तालुक्यात आकारणी इतकी जड झाली की कुणबी जमिनी पडीक टाकून निजामाच्या मुलखात निघून गेले. सरकारनं ठरवलेला दर गावाला पटला नाही, तर गाव उठून जात असे. तेव्हा तेवढी एक वाट मोकळी होती.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नव्यानं सुरुवात केली, आणि आणा प्रथम शेतात शिरला तो इथं. प्रिंगलनं जे मोजायचा प्रयत्न केला, ते मोजता येत नाही, हे या दोघांनी ओळखलं. त्यांनी पिकाचा नाद सोडला आणि मातीकडे पाहिलं. शेताचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनात खणून माती किती खोल आहे ते बघायचं, रंग आणि पोत बघायचा. पावणेदोन हात खोल उत्तम काळी माती म्हणजे सोळा आणे. तिथून खाली चौदा, बारा, दहा असं उतरत दोन आण्यांपर्यंत. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याचा चिबड असे दोष असले तर चौकोनात खूण करायची आणि प्रत एकेक पायरीनं उतरवायची. मग सगळ्या चौकोनांची सरासरी. तालुक्यावर एकूण किती बसवायचं हे मागच्या वसुलीच्या इतिहासावरून आधी ठरायचं. आण्यांचं काम होतं ते ओझं शेताशेतांत वाटण्याचं. सोळा आणे शेतात अमुक मण पिकतं, असा त्यांचा दावाच नव्हता. आठ आण्यांच्या शेतानं सोळा आण्यांच्या शेताच्या निम्मं द्यावं, इतकंच. आपल्या आकड्याला काय सांगता येत नाही, हे या दोन अधिकाऱ्यांना कळत होतं, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. नंतरच्या फार थोड्या कारकुनांना ते कळलं.

आकारणी तीस वर्षांसाठी कायम झाली. शेतकऱ्याला आधार मिळाला, कारण विहीर खणली, बांध घातला म्हणून सारा वाढणार नव्हता. पण त्याच कायमपणात पुढचं दुखणं दडलेलं होतं. सारा रोख आणि पक्का, पाऊस मात्र कधीच पक्का नाही. बऱ्या-वाईट वर्षांची सरासरी धरून हा दर बसवला आहे, तेव्हा चांगल्या साली शिल्लक टाकावी आणि वाईट साली त्यातून भरावं, असा सरकारचा युक्तिवाद. इंदापूर-भीमथडीच्या माळावर ज्याच्या घरात कधी शिल्लक पडली नाही, त्यानं सारा भरण्यासाठी सावकार गाठला. १८६०च्या दशकाअखेर फेरआकारणीत दर वाढले, त्याच सुमाराला कापसाचा भाव कोसळला, आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले. अक्षरं वाचता न येणाऱ्या माणसांनी नेमके आकड्यांचे कागद निवडून जाळले, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

पाठोपाठ १८७६ ते ७८चा दुष्काळ आला. १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर इलाख्याइलाख्यांत दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि पीक बुडालं तर सारा तहकूब किंवा माफ करण्याची तजवीज हळूहळू नियमांत आली. संहिता कागदावर होती, गावाला तिची खबर नव्हती. १८९६च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांमार्फत ती मराठीत लोकांपर्यंत नेली : अशी परिस्थिती असेल तर सारा मागता येत नाही, हा तुमचा हक्क आहे, घाबरू नका. सरकारला हे इतकं झोंबलं की १८९७मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली गेली. नियम सरकारनंच केलेला होता. सभेच्या माणसांनी तो फक्त गावात वाचून दाखवला होता.

१९०१च्या मॅकडोनेल आयोगानंही मुंबई इलाख्यातल्या वसुलीच्या ताठरपणावर बोट ठेवलं, आणि कर्झनच्या १९०२च्या ठरावानं वाईट वर्षी वसुली सैल करण्याचं तत्त्व मान्य केलं. आता गरज पडली ती वाईट वर्ष म्हणजे किती वाईट, हे सांगणाऱ्या आकड्याची. मातीसाठी वापरलेला आणा इथं पिकाला लागला. पूर्ण पीक सोळा आणे. या वर्षी किती आणे? विंगेटचा आणा खड्डा खणून काढलेला होता आणि तीस वर्षांत एकदाच लागायचा. हा नवा आणा तलाठ्यानं आणि वरच्या अंमलदारानं बांधावर उभं राहून नजरेनं लावायचा, दर वर्षी, आणि तोही ज्या खात्यानं सारा वसूल करायचा त्याच खात्याच्या माणसानं.

त्यातून काय होणार होतं, ते गुजरातेत खेडा जिल्ह्यानं दाखवलं. १९१७ साली पावसाळा संपता संपत नव्हता. अतिवृष्टीनं खरीप हातचा गेला. मुंबई इलाख्याचा नियम असा होता : पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब, चार ते सहा आण्यांच्या मधे असेल तर निम्मा. शेतकरी म्हणत होते चार आण्यांच्या आत, सरकारी तक्ता म्हणत होता वर. जिल्ह्यात सहाशेच्या आसपास गावं होती. त्यांतल्या एका गावाला पूर्ण आणि शंभराहून थोड्या अधिक गावांना निम्मी तहकुबी मिळाली. भारत सेवक समाजाच्या अमृतलाल ठक्करांनी आधी जाऊन चौकशी केली, मग गांधी आणि वल्लभभाई गावोगाव हिंडले.

खेड्याच्या लढ्याची गोष्ट आपण शाळेत सत्याग्रहाची म्हणून शिकतो. मूळ तक्रार मात्र गणिताची होती. सोळा आणे पीक म्हणायचं कशाला : चांगल्या सालाला, की सरासरी सालाला? त्यावर चार आण्यांचा अर्थ बदलतो. खरीप बुडाला पण रब्बी उभा आहे, तर दोन्हींची गोळाबेरीज कशी करायची? उभ्या पिकाकडे बघून दाणा किती निघेल हे सांगणाऱ्याचं म्हणणं धरायचं, की मळणी केलेल्याचं? गांधींची मागणी कुणालाही रास्त वाटावी अशी होती : आमचा आकडा मानू नका, तुमचाही नको, मधे पंच बसवा. सरकारला ही मागणीच उद्धटपणाची वाटली. तहकुबी ही मेहेरबानी आहे, हक्क नाही, आणि आणेवारीबद्दल अधिकाऱ्याचा शब्द अखेरचा, हे त्यांचं उत्तर. २२ मार्च १९१८ रोजी नडियादला लोकांनी सारा न भरण्याची शपथ घेतली. गुरं जप्त झाली, घरातली भांडी गेली, उभं पीक जप्त झालं. जप्त शेतातला कांदा काढून नेला म्हणून मोहनलाल पंड्या तुरुंगात गेले आणि 'डुंगळीचोर' हे बिरुद मिरवत परत आले. जूनमध्ये तडजोड निघाली ती ऐपतदारांनी भरावं, गरिबांचं तहकूब राहावं, अशी. आणे किती, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणी सोडवला नाही.

दहा वर्षांनी बारडोलीत वाद आणेवारीचा नव्हता, फेरआकारणीचा होता, पण मुद्दा तोच निघाला. सरकारनं २२ टक्के वाढ लादली होती. लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच फेरतपासणी केली, तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपास वाढ रास्त ठरली. ज्या खंडाच्या आकड्यांवर आधीचा अहवाल उभा होता, ते गावात जाऊन नीट तपासलेलेच नव्हते. म्हणजे कुणीतरी तटस्थपणे पुन्हा मोजलं, की आकडा बदलतो. खेड्याला ही संधी मिळाली नव्हती.

याच काळात आणखी एक नुकसान होत होतं, कमी दिसणारं. देशात धान्य किती पिकलं, हेसुद्धा सरकार याच नजरेच्या आण्यांवरून काढत असे. क्षेत्र गुणिले नेहमीचं उत्पन्न गुणिले आणे. सारा माफीच्या आशेनं गावानं आणे कमी सांगायचे, वसुलीच्या काळजीनं वरच्यानं वाढवायचे, आणि त्यातून निघालेल्या बेरजेवर धान्याचा देशभरचा हिशेब चालायचा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर हे असं चालणार नाही, हे स्पष्ट झालं. बिहार-ओरिसात हबॅक यांनी १९२०च्या दशकात यादृच्छिक तुकडे निवडून भात कापून बघण्याचे प्रयोग केलेले होते. आता तेच देशभर न्यायचं काम दिल्लीत एका मराठी माणसाच्या हाती आलं : सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. शेत यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निवडायचं, शेतातली जागाही तक्त्यावरूनच ठरवायची, दोरी लावून तुकडा आखायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. तिथं अंमलदाराच्या नजरेला जागा नव्हती, आणि शेतकऱ्याच्या तक्रारीलाही. कलकत्त्याचे महालनोबिस तुकडा लहान चालेल म्हणत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगून दिसतं. दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांचा हा वाद वरवर रुक्ष वाटतो. पण कडेच्या ओळीतलं रोप आत धरायचं की बाहेर, यावर एका गावाचं वर्ष ठरतं, हे एकदा लक्षात आलं की त्यातली कळकळ उमजते.

१ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर पैसे झाले. सरकारी कागदांत पैसेवारी आली, लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. खेडा जिल्ह्याच्या वेळची चार आणे-सहा आण्यांची पायरी जाऊन महाराष्ट्रात रेघ पन्नासवर स्थिरावली. आज गावात पीक पैसेवारी समिती असते. त्यात महसूल आणि कृषी खात्याची माणसं, तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, शेतकरी प्रतिनिधी. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर, अंतिम डिसेंबरात. हलक्या-मध्यम-भारी जमिनींत तुकडे आखून पीक कापतात, आलेल्या उत्पन्नाला प्रमाण उत्पन्नानं भागतात, शंभरानं गुणतात. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मिळाला नव्हता तो पंच आता कागदावर तरी बसलेला आहे.

तरीही भागाकाराच्या खालच्या अंकाकडे फारसं कुणी बघत नाही. प्रमाण उत्पन्न मागच्या वर्षांच्या सरासरीवर उभं असेल, तर लागोपाठ दोन-तीन वर्षं कोरडी गेलेल्या गावाची सरासरी आपोआप खाली येते, आणि चौथ्या वाईट वर्षी पैसेवारी चांगली दिसू लागते. ज्याला जास्त झळ बसली त्याचंच दुखणं गणितात लहान होतं. गाव खरिपाचं की रब्बीचं, हा शिक्काही तसाच. मंगळवेढ्याकडचं ज्वारीचं गाव रब्बीत मोडतं, त्यामुळे पावसाळ्यात तिथं केलेली तूर जळून गेली तरी ते डिसेंबरच्या यादीत येत नाही. आणि रेघेपाशी काय घडतं, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच : सप्टेंबरात साठीच्या पुढे असलेला तालुका आंदोलनं, निवेदनं होता होता डिसेंबरात पन्नासच्या आत उतरतो, कधी एखादा उतरत नाही. उतरला तेव्हा पीक मधल्या काळात खरंच गेलं होतं, की गावाचा आवाज मोठा होता, हे आकड्याकडे बघून सांगता येत नाही. ज्या गावात आवाज करणारा कुणी नाही, त्याची मला काळजी वाटते.

२०१६ साली केंद्रानं दुष्काळाची नवी नियमपुस्तिका आणली आणि आणेवारीला दुष्काळ ठरवण्याच्या मुख्य आसनावरून उठवलं. पावसातली तूट, पावसातला खंड, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई, जमिनीतली ओल, भूजल यांच्या कळा ओळीनं दाबल्या गेल्या, आणि मग दहा टक्के गावांत जाऊन पिकाचं नुकसान पाहिलं, की दुष्काळ मध्यम की गंभीर ते ठरतं. २०१८च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात आधी १८० तालुके दुष्काळसदृश जाहीर झाले, आठवड्याभरात १५१ तालुक्यांत दुष्काळ. २०२३ला ४० तालुके, आणि ओरड झाल्यावर नऊशेहून अधिक महसूल मंडळं दुष्काळसदृश. मोजणारी यंत्रं आभाळात गेली, तरी कसोटीत न बसणाऱ्यांची रांग तेवढीच राहिली. अतिवृष्टीचा आकडा तर त्याहून कठोर आहे : मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. मापक एका गावात, ढगफुटी दुसऱ्या गावात.

पीकविम्याची हकीकत याच्याशेजारचीच. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६मध्ये मांडलं, की लाखो शेतांचं नुकसान एकेकटं तपासणं अशक्य आहे. सारख्या हवामानाचा पट्टा धरा, तिथं पीक कापून सरासरी काढा, आणि ती ठरलेल्या उत्पन्नाखाली गेली तर पट्ट्यातल्या सगळ्यांना भरपाई द्या. १९८५ची योजना त्यावरच उभी राहिली. दांडेकरांचं तर्कशास्त्र मला आजही बिनतोड वाटतं. पण पट्टा सारखा असला तरच. आपल्याकडे महसूल मंडळ हे एकक, त्यात कितीतरी गावं, कालव्याखालची आणि माळावरची एकत्र. कालव्याखालचं सोयाबीन माळावरच्या सोयाबीनचं नुकसान झाकून टाकतं. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिच्या सत्तर टक्के उंबरठा उत्पन्न, हे गणित ऐकून घेणारा शेतकरी शेवटी एवढंच विचारतो, "माझ्या शेतात कोण आलं होतं?"

२०२५च्या खरिपापासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि स्थानिक आपत्तीसारख्या कारणांसाठीची वेगळी भरपाईही योजनेतून गेली. आता मुख्य भर पीक कापणी प्रयोगावर आहे. म्हणजे आपण पुन्हा सुखात्म्यांच्या दोरीपाशी आलो. सोयाबीनसाठी १० मीटर बाय ५ मीटरचा तुकडा. त्या पन्नास चौरस मीटरांत वजनाला एक किलोचा फरक पडला, तर हेक्टरी दोन क्विंटलांचा फरक पडतो. बांधावर कृषी सहाय्यक असतो, विमा कंपनीचा माणूस असतो, शेतकरी असतो. कंपनीला वजन जास्त हवं, गावाला कमी. या तिघांत कुणाच्याच बाजूचा नसलेला एकच आकडा असतो, जागा ठरवणारा यादृच्छिक आकडा. ज्याला द्यायचं त्याच्याही हातात नाही आणि ज्याला घ्यायचं त्याच्याही नाही, असं माप या सगळ्या इतिहासात मला फक्त तिथं सापडलं. म्हणून तो आकडा काय निघाला, तुकडा कुठं पडला, ओलं वजन किती, वाळल्यावर किती, याचा कागद त्याच संध्याकाळी गावच्या चावडीवर लागला पाहिजे. ही माहिती आता मोबाइलवर फोटोसकट भरली जाते. तिची एक छापील प्रत काढायला एका पानाचा खर्च येतो.